विषादाचा विकार आणि कामगाराचा आजारभत्ता

आजार कशास म्हणावे, हा प्रश्न वैद्यापुढे एका स्वरूपात उभा राहतो आणि विम्याच्या कचेरीपुढे दुसऱ्या. वैद्याला रोगाचे मूळ शोधावयाचे असते. कचेरीला एवढेच ठरवावयाचे असते की, समोरचा मनुष्य आज काम करण्यास समर्थ आहे की नाही, आणि नसल्यास त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई किती दिवस करावयाची. हात मोडला असता या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच क्ष-किरण चित्रात मिळतात. मनाचा आजार झाला असता मात्र कचेरी वैद्याच्या जागी जाऊन बसते आणि ‘हा काम करू शकतो काय?’ असे विचारण्याऐवजी ‘याला हे कशामुळे झाले?’ असे विचारू लागते. या अदलाबदलीने आजारी कामगाराचे किती नुकसान होते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

यासाठी जयपूर शहराचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीत श्रमाचे जुने आणि नवे प्रकार शेजारी शेजारी नांदत आहेत. जोहरी बाजारामागच्या गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडणारे कारागीर आहेत. सांगानेरला कापडावर ठसे उमटविणारे छापेकाम करणारे आहेत. विश्वकर्मा आणि सीतापुरा या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर आणि शिलाईवर काम करणारे हजारो मजूर आहेत. यांपैकी कारखान्यातील मजुराला विम्याचे संरक्षण आहे, गल्लीतील कारागिराला बहुधा ते नाही. एकच विकार या निरनिराळ्या माणसांना जडला असता त्यांच्या वाट्याला काय काय येते, हे येथे स्पष्टपणे दिसते.

विम्याची योजना

आजारी कामगाराची मजुरी बुडू नये म्हणून सक्तीचा विमा असावा, ही कल्पना कायद्यात प्रथम जर्मनीने १८८३ मध्ये आणली. भारतात १९३१ च्या शाही श्रम आयोगाने तिचा पुरस्कार केला. पुढे प्राध्यापक बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये आरोग्य-विम्याविषयीचा आपला अहवाल सरकारला सादर केला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला. महाराष्ट्रात ती ‘कामगार विमा’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाते, तर जयपूरचा मजूर तिला ‘ई. एस. आय.’ म्हणतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ चा अधिनियम तीत समाविष्ट झाला.

जुन्या अधिनियमाखाली रूढ झालेली व्यवस्था थोडक्यात अशी. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारे कर्मचारी योजनेच्या कक्षेत आले. १ जुलै २०१९ पासून मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के वर्गणी द्यावयाची असे ठरले. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर त्यास जोडलेल्या पुढील लाभकाळात कामगार आजारभत्त्यास पात्र होतो. हा भत्ता सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असून वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. ज्याचे दैनिक वेतन ५०० रुपये आहे त्याला दिवसाला ३५० रुपये, म्हणजे ९१ दिवसांत ३१,८५० रुपये मिळतील.

काही आजार ९१ दिवसांत बरे होणारे नसतात. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांची यादी करून त्यांच्यासाठी विस्तारित आजारभत्त्याची सोय करण्यात आली. त्याचा दर वेतनाच्या ८० टक्के असून तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग विमायोग्य नोकरी आणि मागील चार वर्गणीकाळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. या यादीत मनोविकारांचाही एक गट आहे. त्यात छिन्नमनस्कता, उन्माद-विषाद विकार आणि स्मृतिभ्रंश यांच्याबरोबर विषादाचेही नाव आहे. परंतु ते नुसते ‘विषाद’ असे नाही. यादीतील शब्द आहे ‘अंतर्जात विषाद’, म्हणजे आतून उद्भवलेला विषाद. साऱ्या वादाचे मूळ या एका विशेषणात आहे.

विषाद म्हणजे काय

विषाद हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. भगवद्गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे. परंतु प्रसंगोपात्त येणारी खिन्नता आणि विषादाचा विकार, ज्याला हल्ली ‘नैराश्य’ म्हणतात, यांत मोठे अंतर आहे. दुःख येते आणि हळूहळू ओसरते. दुःखी मनुष्य रडतो, पण नातवंड मांडीवर आले की क्षणभर हसतोही. विषादाच्या विकारात दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे, मन खचलेले राहते. कशातच गोडी वाटत नाही. शरीर थकून जाते. झोप पहाटे मोडते, अन्नावरची वासना जाते, लक्ष लागत नाही, हालचाली मंदावतात, आपण कुचकामी आहो असे वाटू लागते, आणि कधी कधी जगणे नकोसे होते.

कामगार ही तक्रार क्वचितच मनाची म्हणून सांगतो. डोके दुखते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अशा शब्दांत तो ती दवाखान्यात मांडतो. ‘मन नहीं लगता’ हे वाक्य झाले तर शेवटी येते. साहजिकच पहिले काही आठवडे शक्तिवर्धक गोळ्यांत जातात. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने राजस्थानसह १२ राज्यांत जी मानसिक आरोग्य पाहणी केली, तीत प्रौढांपैकी २.७ टक्के लोक त्या वेळी विषादाने ग्रस्त असल्याचे आढळले, आणि अशा शंभरांतील सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. जयपुरात सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे मनोचिकित्सा केंद्र आहे आणि कामगार विम्याचे स्वतंत्र रुग्णालयही आहे. तेव्हा रुग्णालय मुळीच नाही, ही येथील अडचण नव्हे. आजाराला आजार म्हणून ओळखले जाण्यास लागणारा विलंब, ही खरी अडचण होय.

‘आतून’ आणि ‘बाहेरून’

अंतर्जात हा भेद वैद्यकात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. काही रोग शरीराच्या आतील बिघाडातून उपजतात आणि काही बाह्य आघातातून, असे त्या काळच्या जर्मन वैद्यांचे मत होते. त्यास अनुसरून विषादाचेही दोन वर्ग पडले. कोणतेही कारण नसता येणारा तो अंतर्जात, आणि मृत्यू, कर्ज, कलह यांमुळे येणारा तो प्रतिक्रियात्मक. पहिला खरा रोग, दुसरा केवळ परिस्थितीचा परिणाम, अशी समजूत यातूनच पसरली.

ही विभागणी सोयीची होती, परंतु रुग्णांच्या परीक्षेत ती टिकली नाही. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ ऑब्रे ल्युईस यांनी १९३४ मध्येच रुग्णांच्या सूक्ष्म निरीक्षणावरून दाखवून दिले की, दोन्ही प्रकारांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की, त्यांमध्ये रेघ ओढता येत नाही. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या एका भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे मांडले की, विषादाच्या बहुतेक रुग्णांच्या आयुष्यात आजारापूर्वी एखादा गंभीर आघात सापडतोच. उलटपक्षी, तोच आघात सोसूनही अनेक जण आजारी पडत नाहीत. म्हणजे आतील प्रवृत्ती आणि बाहेरील आघात यांच्या संगमातून विकार उद्भवतो. ठिणगी आणि वाळलेले गवत यांपैकी आग कोणी लावली, असे विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे.

१९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या नव्या वर्गीकरणाने हा भेद बाजूस सारला, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणानेही विषादाची विभागणी सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी केली. कारणावरून तीव्रतेकडे झालेला हा बदल केवळ शब्दांचा नाही. रुग्ण किती असमर्थ झाला आहे, हे तपासता येते; तो आतून असमर्थ झाला की बाहेरून, हे निश्चित सांगता येत नाही. वैद्यकाने जो भेद टाकून दिला, तो विम्याच्या यादीत मात्र राहून गेला आहे.

दोन कामगार

याचा परिणाम पाहण्यासाठी दोन कामगारांची कल्पना करावी. दोघेही सीतापुऱ्यात काम करतात, दोघांचे दैनिक वेतन ५०० रुपये आहे आणि दोघांचीही वर्गणी पुरेशी भरलेली आहे. पहिल्याला बाह्यतः काहीही घडले नसता विषाद जडला. दुसऱ्या कामगार स्त्रीचे मूल वारले. शोक ओसरला नाही, आणि काही महिन्यांनी तीही त्याच अवस्थेला पोहोचली. दोघांनाही पहाटे तीन वाजता जाग येते, दोघांच्याही हातून काम होत नाही, दोघांनाही तीच औषधे दिली जातात. पहिल्याच्या कागदावर ‘अंतर्जात’ हा शब्द उमटला, तर त्याला दिवसाला ४०० रुपये या दराने दीर्घकाळ आधार मिळू शकतो. दुसरीच्या कागदावर तो शब्द लिहिण्यास डॉक्टर कचरला, तर ९१ दिवसांनंतर तिच्या हाती काहीही राहत नाही. जिच्यावर आघात झाला तिलाच कमी आधार, असा हा उफराटा न्याय होय.

दयाळू डॉक्टर तो शब्द लिहून वेळ निभावून नेईल, असे यावर कोणी म्हणेल, आणि पुष्कळ डॉक्टर तसे करीतही असतील. परंतु ज्या हक्कासाठी कामगार दरमहा वर्गणी भरतो, तो हक्क डॉक्टरच्या दयेवर आणि एका कालबाह्य विशेषणावर अवलंबून असणे योग्य नव्हे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने असे सांगितले आहे की, मानसिक आजार ठरविताना मान्यताप्राप्त वैद्यकीय मानके, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेचे अद्ययावत रोगवर्गीकरणही आले, प्रमाण मानावीत. त्याच अधिनियमाच्या एकविसाव्या कलमाने मनाच्या रुग्णाला शरीराच्या रुग्णाशी समान वागणूक देण्याचे तत्त्व घालून दिले. देशाचा एक कायदा अद्ययावत वर्गीकरणाकडे बोट दाखवीत असता दुसऱ्या व्यवस्थेने जुन्या शतकातील शब्द सांभाळून ठेवावा, ही विसंगती आहे.

पात्रतेचे गणित

विशेषणाखेरीज पात्रतेच्या गणितातही एक गोष्ट विषादाच्या रुग्णाला जाचक ठरते. मोडलेला हात एका दिवसात मोडतो. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कामगाराची हजेरी पूर्ण असते. विषाद मात्र हळूहळू येतो. निदान होण्यापूर्वीच्या महिन्यांत कामगाराचे खाडे वाढू लागतात. कधी तो उशिरा पोहोचतो आणि फाटकावरूनच परत फिरतो. कधी नोकरीच सोडून गावी जातो. या काळात त्याची वर्गणी ७८ दिवसांच्या खाली घसरली, तर त्या वर्गणीकाळाला जोडलेल्या लाभकाळात त्याचा हक्क उरत नाही. म्हणजे ज्या आजारासाठी भत्ता मागावयाचा, तो आजारच पात्रता खाऊन टाकतो. प्रत्येक नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस बहुधा बिनभत्त्याचे जातात, हाही नियम अधूनमधून उफाळणाऱ्या विकाराला न मानवणारा आहे.

९१ दिवसांची मर्यादाही रोगाच्या गतीशी ताडून पाहावयास हवी. विषादावरील औषधांचा पुरता गुण दिसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने जेमतेम एक-तृतीयांश रुग्णांची लक्षणे पूर्णपणे मावळली. उरलेल्यांना दुसरा उपचार पाहावा लागला. तेव्हा १३ आठवडे म्हणजे उपचाराचे फार तर दोन प्रयत्न. सौम्य विकाराला ते पुरतात, तीव्र विकाराला पुरत नाहीत. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते, कारण घाईने कामावर परतलेला रुग्ण पुन्हा कोसळण्याचा संभव असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ढोंगाचा. मनाचा आजार कोणत्याही चित्रात दिसत नाही, तेव्हा आळशी मनुष्य त्याचे सोंग घेईल, अशी शंका मालक आणि अधिकारी दोघेही बोलून दाखवितात. शंका अस्थानी नाही. परंतु ती कंबरदुखीलाही लागू पडते, आणि म्हणून कंबरदुखीचा भत्ता कोणी बंद केलेला नाही. विषादाची परीक्षा वारंवार मुलाखत घेऊन, प्रमाणित प्रश्नावलीने, झोप, वजन आणि हालचाली यांतील बदल नोंदवून, तसेच घरच्यांकडे चौकशी करून करता येते. संशय वाटल्यास वैद्यकीय मंडळाकडे पाठविण्याची सोय विमा योजनेत आहेच. वास्तविक या विकाराचा रुग्ण सोंग आणण्यापेक्षा आजार लपविण्याकडेच अधिक झुकतो, कारण ‘वेडा’ हा शिक्का त्याला भत्ता गमावण्याहून अधिक भिववितो.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. काम हेच मनाचे औषध असून दीर्घ रजेने विषाद वाढतो, असे काही तज्ज्ञ म्हणतात. यात पुष्कळ तथ्य आहे. दिवसाला आकार देणारी वेळ, सोबत्यांची संगत आणि स्वतः मिळविलेला पैसा यांचा गुण कोणतीही गोळी देऊ शकत नाही. परंतु यावरून भत्ता तोडावा असे सिद्ध होत नाही. तो अधिक लवचिक करावा, एवढेच सिद्ध होते. स्वीडनमध्ये आजारभत्ता पूर्ण, तीन-चतुर्थांश, अर्धा किंवा एक-चतुर्थांश अशा प्रमाणांत मिळतो, आणि रुग्णाला उरलेला वेळ काम करता येते. जर्मनीतही क्रमाक्रमाने तास वाढवीत कामावर परतण्याची पद्धत आहे. १९४८ च्या अधिनियमाने मात्र ज्या दिवशी कामगार काम करील त्या दिवशी भत्ता नाही, असा नियम घातला होता. त्यामुळे अर्धवट बऱ्या झालेल्या माणसापुढे दोनच वाटा उरत होत्या: पूर्ण दिवस यंत्रावर उभे राहणे किंवा पूर्ण दिवस घरी पडून राहणे. त्याच्या प्रकृतीला मानवणारी मधली वाट कायद्यात नव्हती.

काय व्हावे

जुन्या अधिनियमाच्या जागी नवी संहिता आली असता जुन्या याद्या तपासून पाहण्यास याहून योग्य वेळ नाही. पहिली गोष्ट म्हणजे यादीतील ‘अंतर्जात’ हे विशेषण काढून त्या जागी ‘तीव्र विषाद, कारण कोणतेही असो’ अशी योजना व्हावी. दुसरी, निदानापूर्वीच्या महिन्यांतील खाडे या आजारामुळेच झाले असे वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास पात्रतेच्या दिवसांत सवलत मिळावी. तिसरी, अर्धा दिवस काम आणि अर्धा भत्ता अशी परतीची पायरी असावी. या तिन्ही गोष्टींना काही खर्च येईल. परंतु विषाद आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२२ मधील अंदाज आहे. तेव्हा खर्च आजही होतच आहे; फक्त तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, आणि त्याचा मोठा वाटा रुग्णाच्या घरावर पडतो.

मालकाचे कर्तव्यही येथे सांगावयास हवे. आजारभत्ता घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढू नये किंवा शिक्षा करू नये, असे १९४८ च्या अधिनियमाच्या ७३ व्या कलमाने बजावले होते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर अजमेर येथे नेमणुकीस असताना झालेल्या कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी असा निर्णय दिला की, मानसिक विकलांगतेशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच एक प्रकार होय. जयपूरपासून जवळच असलेल्या शहरातून उगम पावलेला हा निर्णय प्रत्येक कारखान्याच्या व्यवस्थापकाने वाचण्याजोगा आहे.

आता राहिला जोहरी बाजारामागील तो कारागीर. नगावर मजुरी घेणाऱ्या या माणसाला मालकच निश्चित नाही, मग वर्गणी कोण भरणार? त्याच्या बाबतीत आतून आणि बाहेरून हा वादही उपस्थित होत नाही, कारण त्याचा कागदच कोणत्याही कचेरीत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये मोबाइलवरून कामे स्वीकारणाऱ्या कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा देशात प्रथम केला. ज्या राज्याने या अगदी नव्या श्रमिकाची दखल घेतली, त्याने आपल्या अगदी जुन्या श्रमिकाचीही घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. तोपर्यंत निदान एवढे तरी सर्वांस ठाऊक असावे की, १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

विज्ञानाने आपली चूक सुधारली, म्हणजे समाजाने ती आपोआप सुधारली असे होत नाही. जुने मत प्रयोगशाळेतून निघून जाते आणि कचेरीतील नमुन्याच्या कागदावर मागे राहते. मनुष्य कोणत्या कारणाने बुडत आहे याची चौकशी किनाऱ्यावर बसून सावकाश करता येते. दोर मात्र आधी टाकावा लागतो. आजारभत्ता हा तो दोर आहे, आणि त्याची लांबी पाण्याच्या खोलीवरून ठरली पाहिजे.